पडद्यावरची नावे

आमच्या अब्बांचा सिनेमाच्या बाबतीत एकच नियम होता : नावे सुरू व्हायच्या आत जागेवर बसायचे. त्या काळी कलाकार-कारागिरांची नावे आधी येत आणि गोष्ट नंतर सुरू होई. अब्बा शिंपी होते. पाथर्डीच्या पेठेत त्यांचे दुकान होते, पुढे ते मी चालवले. वर्षातून एखादाच सिनेमा पाहायला मिळे. कधी मढीच्या यात्रेतल्या तंबूत, कधी कापड आणायला नगरला गेलो तर तिथे. अब्बांना हिंदी अक्षरे लावून लावून वाचता येत. इंग्रजी आली की मला कोपराने ढोसत आणि म्हणत, "कपडे कुणी शिवले ते वाच."

आजीला सिनेमा पसंत नव्हता. आजही कितीतरी घरांत तो पाहत नाहीत आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. पण मुलांच्या हातात मोबाईल आला आहे आणि शाळेत निम्मी चर्चा सिनेमाचीच असते. तेव्हा मुले काय पाहतात याबरोबर ती त्यातून काय घेऊन उठतात, हेही मोठ्यांनी पाहिले पाहिजे. हे लिहायला बसलो त्याचे कारण माझा आठवीतला नातू.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक बसवायचे ठरले होते. त्याच सुमारास वर्गातली बरीच मुले एक ऐतिहासिक सिनेमा पाहून आली होती. भूमिका वाटताना कुणीतरी ओरडले, "खान याला द्या, तो त्यांच्यातलाच आहे." सगळे हसले. नातवाच्या नावापुढे खान लिहिले गेले. घरी येऊन तो जेवला नाही. अम्मीला काही बोलला नाही. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, सिनेमात आपण नेहमी दुसऱ्या बाजूलाच का असतो?"

या प्रश्नाला इतिहासाचे लांबलचक उत्तर देता आले असते. पण मुलाचे दुखणे इतिहासाचे नव्हते, भूमिकावाटपाचे होते. म्हणून मी त्याला कागद आणि पेन आणायला सांगितले आणि 'मुगल-ए-आझम'ची नावे लिहायला लावली.

बादशहा अकबर झाले पृथ्वीराज कपूर, पंजाबी हिंदू. शहजादा सलीम झाले दिलीपकुमार, म्हणजे पेशावरचे यूसुफ खान. त्यांचे लहानपण नाशिकजवळच्या देवळालीतही गेले. अनारकली झाली मधुबाला, म्हणजे मुमताज जहाँ. महाराणी जोधाबाई झाल्या आपल्या मराठी दुर्गा खोटे. इथपर्यंत नातू मुकाट लिहीत होता. पुढचे नाव आले राजा मानसिंहाचे. कट्टर रजपूत सेनापती, आणि भूमिका केली मुराद यांनी. दिलेल्या वचनासाठी जीव देणारा रजपूत दुर्जनसिंह झाले अजित, म्हणजे हमीद अली खान.

नातवाने पेन थांबवले. "म्हणजे अकबर हिंदू आणि रजपूत मुसलमान?"

"पडद्यावर तसेच होते. ज्याला जे शोभेल ते त्याला दिले," मी म्हणालो.

मग मी त्याला नगर जिल्ह्यातलीच दोन माणसे सांगितली. शाहू मोडक 1918 साली अहमदनगरला मराठी ख्रिस्ती घरात जन्मले. त्यांनी पडद्यावर श्रीकृष्ण इतक्या वेळा केला की लोक त्यांना त्याच रूपाने ओळखत. 1940 साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वरही तेच झाले. लोकांनी त्यांच्या पाया पडताना त्यांचे चर्च विचारले नाही. दुसरे सी. रामचंद्र, आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. भालजी पेंढारकरांच्या 1952 सालच्या 'छत्रपती शिवाजी'चे संगीत त्यांचे, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'अनारकली'चेही त्यांचेच. एकाच माणसाच्या पेटीतून एक वर्ष रायगड निघाला आणि दुसऱ्या वर्षी लाहोरचा दरबार. त्याच 'छत्रपती शिवाजी'त मिर्झाराजे जयसिंगांचे काम पृथ्वीराज कपूर यांनी केले. मोगलांचा सेनापती आधी आणि मोगल बादशहा नंतर.

ही झाली चेहऱ्यांची नावे. अब्बा ज्यांची वाट पाहत ती नावे याच्या पुढची असत.

'मुगल-ए-आझम'चे दिग्दर्शक के. आसिफ मुंबईत आले तेव्हा सुरुवातीला शिवणकाम करत, असे सांगतात. अब्बांना याचा फार अभिमान होता. "शिंप्यानेच केला ना बादशहा उभा!" असे ते म्हणत. आसिफ यांनी हे काम 1944 च्या सुमारास हाती घेतले. तेव्हाचे अकबर होते चंद्रमोहन आणि अनारकली होती नर्गिस. पैसे लावणारे शिराज अली हकीम फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, चंद्रमोहन वारले, सगळे बंद पडले. पुढे शापूरजी पालनजी या पारशी बांधकाम व्यावसायिकांनी पैसा दिला आणि नव्या माणसांनिशी पुन्हा सुरुवात झाली. सिनेमा लागला 5 ऑगस्ट 1960 रोजी, मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात. मोगल बादशहाची गोष्ट आणि थिएटरचे नाव मराठा मंदिर! त्यावर कुणी हरकत घेतल्याचे अब्बांच्या कानावर कधी आले नाही.

संवाद चौघांनी लिहिले : अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा. संगीत नौशाद यांचे, गाणी शकील बदायुनी यांची. अकबराच्या महालातल्या जन्माष्टमीचे गाणे या दोघांनी केले, आवाज लता मंगेशकरांचा आणि नाच बसवला लच्छू महाराजांनी. तानसेनाच्या गळ्यासाठी बडे गुलाम अली खाँसाहेबांना गाठले. त्यांना सिनेमात गायचे नव्हते, म्हणून त्यांनी एका गाण्याचे 25,000 रुपये मागितले. एवढे कोण देणार, असा त्यांचा हिशेब. आसिफ यांनी लगेच कबूल केले.

शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. तो बांधायला दोनेक वर्षे लागली. इतक्या आरशांत दिवे लावले की उजेड उलटा कॅमेऱ्यात घुसणार, हे चित्र घेताच येणार नाही, असे जाणकार सांगत. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा झोत सरळ न टाकता दुसरीकडून परतवून घेतला आणि काम जमवले. ज्या नाचात आरशाआरशांत अनारकली दिसते, त्यामागे सय्यद यांचा महाल आणि माथुर यांचा उजेड आहे. एकाशिवाय दुसऱ्याचे काम व्यर्थ गेले असते.

आणि कपडे? शिंपी दिल्लीहून आले, जरीकाम सुरतेच्या कारागिरांनी केले, दागिने हैदराबादच्या सोनारांनी घडवले, जोडे आग्र्याचे, हत्यारे राजस्थानातल्या लोहारांची. मुकुट आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांनी बनवले. लढाईच्या प्रसंगांत लष्कराचे जवान घोड्यांवर बसले. मधुबालाच्या अंगावरच्या साखळ्या खऱ्या लोखंडाच्या होत्या. तिच्या काळजाला आजार होता, तरी ते ओझे घेऊन ती दिवस दिवस उभी राहिली.

या शिंप्या-सोनारांची नावे मात्र पडद्यावर आली नाहीत. जरीचा एक पदर भरायला किती दिवस लागतात, डोळे किती शिणतात, हे मला ठाऊक आहे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. मला वाटते, नाव हीसुद्धा मजुरीच आहे.

नातवाला मी आणखी एक गोष्ट बजावली. सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे, आवडता सिनेमासुद्धा नव्हे. अकबराच्या दरबारात लिहिलेल्या अकबरनाम्यात अनारकलीची ही प्रेमकहाणी नाही. ती लोकांच्या तोंडी वाढली, 1922 साली इम्तियाज अली ताज यांनी तिचे नाटक केले आणि मग ती पडद्यावर गेली. आपण पाथर्डीहून नगरला जाताना डोंगरावर तीन मजली, आठ बाजूंची इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबी महाल म्हणतात. खरे तर ती निजामशाहीचा वजीर सलाबत खान याची कबर. लोकांना चांदबीबी आवडली, त्यांनी तिच्या नावावर डोंगर करून टाकला.

चांदबीबीचेच पाहा. 1595-96 मध्ये नगरच्या किल्ल्यात ती उभी होती आणि बाहेर वेढा घालून बसला होता अकबराचा मुलगा मुराद. सिनेमात जो आपल्याला दिलदार बादशहा दिसतो, त्याची फौज आपल्या नगरच्या दृष्टीने शत्रूची होती. पुढे 1624 साली नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबर मोगल आणि आदिलशाही फौजांशी लढला. मलिक अंबर जन्माने हबशी, आणि त्याच्या बाजूने लढत होते शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. नगरच्या शाह शरीफ पीरांच्या नावावरून या भावांची नावे ठेवली, असे परंपरा सांगते. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. "आता सांग," मी नातवाला म्हणालो, "आपली बाजू कुठली?" तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी नाटक बसवणाऱ्या सरांना भेटलो. तक्रार म्हणून नाही, विचारायला म्हणून. सर तरुण होते. म्हणाले, "चाचा, त्याचा आवाज खणखणीत आहे म्हणून मी नाव लिहिले. मुले काय बोलली ते माझ्या ध्यानात आले नाही." मी म्हणालो, "आवाजासाठी दिले असेल तर तो आनंदाने करील. नावासाठी दिले असेल तर नको. आणि कशासाठी दिले, हे वर्गाला कळले पाहिजे." सर थोडे गप्प राहिले. मग त्यांनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. नातवाला मावळ्याची चिठ्ठी आली. खान निघाला शेजारच्या गल्लीतला एक मुलगा. तो तर हरखूनच गेला, कारण सगळ्यात झोकदार अंगरखा आणि मिशा खानाच्या होत्या! तो अंगरखा माझ्याच मशीनवर शिवला गेला. माप द्यायला तो मुलगा तीनदा आला.

माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे. मुले ऐतिहासिक सिनेमा पाहून आली की लढाईत कोण जिंकले एवढ्यावर बोलणे थांबवू नका. कोणत्या भूमिकेत कोण होते, कॅमेरा कुणाच्या हातात होता, संवाद कुणी लिहिले, हे विचारा. आजकाल नावे शेवटी येतात, दिवे लागतात आणि लोक उठून चालू लागतात. मुलांना दोन मिनिटे बसवून ती वाचायला लावा. पडद्यावर दोन फौजा एकमेकींवर चालून जातात, पण त्या फौजा उभ्या करणारी माणसे एकाच मंडपात जेवलेली असतात. जे सिनेमा पाहत नाहीत त्यांनी मशिदीच्या, शाळेच्या, घराच्या बांधकामाकडे पाहावे. तिथेही गवंडी, सुतार, रंगारी यांची नावे मुलांना विचारून यायला सांगावे. ज्या मुलाला हातांची नावे घ्यायची सवय लागते, तो माणसाला नुसत्या आडनावावरून एखाद्या बाजूला उभे करत नाही. आणि कुणी त्यालाच तसे उभे केले, तर मान खाली न घालता काय विचारायचे, हे त्याला माहीत असते.