एक पूर, दोन वह्या

मुलांनो, तुमच्यापैकी नाशिकला कोण कोण येऊन गेलंय? आला असाल तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती नक्की पाहिला असेल. ह्या मारुतीला दोन तोंडं आहेत. एक इकडे बघतं, दुसरं तिकडे. पण आम्हां नाशिककरांना तो आणखी एका कामाला लागतो, बरं का! पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की गावभर एकच प्रश्न असतो, "पाणी कुठवर आलं?" त्याचं उत्तर कुणी फुटांत देत नाही. "गुडघ्याला लागलं", "कमरेपर्यंत चढलं", "गळ्याशी आलं हो!" गुडघा, कंबर, गळा कुणाचा? अर्थात मारुतीचा!

आणि आणखी एक. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" असं कुणी म्हणालं, तर ती काशीला निघाली असं समजू नका!

मी प्राथमिक शाळेत शिकवते. एका पावसाळ्यात असाच पूर येऊन ओसरला आणि मी चौथीच्या वर्गाला निबंध दिला, 'आमच्या गंगेचा पूर'. अट एकच. गाइड उघडायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एका मुलीनं लिहिलं होतं, की ती बाबांच्या स्कूटरवर बसून पूर बघायला गेली. पुलावर ही गर्दी! पाणी चहाच्या रंगाचं होतं. बाबांनी भाजलेलं कणीस घेऊन दिलं. शेवटचं वाक्य होतं, असा पूर वर्षातून दोनदा तरी यावा.

तिच्याच बाकावर बसणाऱ्या मुलाची वही मी नंतर उघडली. त्याच्या आजीचं गंगेवर पूजेच्या सामानाचं छोटंसं दुकान आहे. हळदकुंकू, फुलं, पानाच्या द्रोणातले दिवे असं सगळं. पाणी सोडणार अशी सूचना आली आणि घरातल्या सगळ्यांनी रात्रीच सामान वर नेलं. हातगाडीच्या तीन खेपा झाल्या. तरी दुकानाच्या दोन फळ्या वाहून गेल्याच. पुढे किती तरी दिवस गिऱ्हाईक नाही. आजी त्या दिवसांत फारशी बोलली नाही. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं : पूर बघायला खूप माणसं येतात, पण ती आमच्याकडून काही घेत नाहीत.

दोघांना विचारून मी दोन्ही निबंध वर्गात वाचून दाखवले. झालं! वर्गात दोन तट पडले. "बाई, खरा निबंध कुणाचा?" कुणी म्हणे हिचा, कुणी म्हणे त्याचा. ती मुलगी तर रडवेली झाली. म्हणाली, "बाई, मी खोटं नाही लिहिलं. मला खरंच मजा आली होती. पान फाडून टाकू का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

मी म्हटलं, "मुळीच फाडायचं नाही. तू खरंच लिहिलंस आणि त्यानंही खरंच लिहिलंय. तू पुलावर उभी होतीस, तो खाली काठावर होता. पाणी एकच, उभं राहायची जागा वेगळी."

मुलांनो, ही गोष्ट नुसती निबंधाची नाही. आमच्या नाशिकचेच लेखक बघा ना. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज. १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची 'कणा' ही कविता तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पुरात घर उद्ध्वस्त झालेला जुना विद्यार्थी सरांना भेटायला येतो, त्याची ती कविता. वसंत कानेटकर इथेच कॉलेजात शिकवायचे. त्यांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' ह्या १९६२ सालच्या नाटकात शिवाजी महाराजांना बाप म्हणून बघितलं. बाबुराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि जातीपायी माणसाला काय सोसावं लागतं ते वाचून लोक हादरले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लहानपणी शाळेत शिकायला मिळालं नाही. अक्षरं ते मोठेपणी शिकले, आणि मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विचार गाण्यांतून गावोगाव पोचवले.

चौघेही एकाच जिल्ह्याच्या हवेत वावरले. चौघांचं बघणं मात्र वेगळं. ह्यांतलं कुणाचं खरं, म्हणून भांडत बसलो तर तीन खजिने आपणच फेकून देऊ.

एवढं ऐकल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, मग ज्याचं त्याचं बरोबरच असतं का?"

प्रश्न अगदी मोलाचा होता. मी म्हटलं, नाही रे बाळा. आपल्याच गावातलं काळाराम मंदिर घे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला. मागणी काय होती? अस्पृश्य म्हणून ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांनाही मंदिरात जाऊ द्या. दार अडवणारेही म्हणतच होते, की ही आमची रीत, हा आमचा विचार. पण दुसऱ्या माणसाला माणूसच न समजणारा विचार 'आपापलं मत' म्हणून सोडून देता येत नाही. तो अन्यायच.

त्या वेळी कुसुमाग्रज जेमतेम विशीतले होते. त्यांना दार उघडंच होतं. तरी १९३२ साली मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात ते बाहेरच्यांच्या बाजूनं उभे राहिले. बघा हं, त्यांनी आपली उभं राहायची जागाच बदलली!

आता थोडं आईबाबांशी. एका पालकांनी मला विचारलं, "बाई, असं मनाचं लिहून परीक्षेत मार्क पडतील का?" खरं सांगते, गाइडमधल्या घोटीव निबंधाला कधी कधी जास्तही पडतात. पण त्या निबंधात तुमचं मूल कुठेच नसतं. दोन मार्क आज ना उद्या भरून निघतील. "आपण पाहिलेलं सांगण्यासारखं नसतं" असं एकदा मुलाच्या मनानं घेतलं, तर ते भरून काढायला फार वर्षं लागतात.

त्या मुलीनं पान फाडलं नाही. पुढच्या रविवारी ती आईचा हात धरून आजींच्या दुकानात गेली. मग निबंधाखालच्या मोकळ्या जागेत तिनं दोन ओळी वाढवल्या. मला आताही पूर बघायला आवडतो, पण फळ्या वाहून जायला नकोत. आणि तो मुलगा? त्यानं मला हळूच सांगितलं, "बाई, एकदा मलाही पुलावरून बघायचाय."

आता तुम्हांला एक काम. आज रात्री जेवणं झाली, की घरातल्या प्रत्येकानं कागद घ्यायचा. विषय एकच, 'आमच्या घराची सकाळ'. आजीनं, आईनं, बाबांनी, ताईनं आणि तुम्हीही पाच-पाच ओळी लिहायच्या. एकमेकांचं बघायचं नाही! मग मोठ्यानं वाचा. आईची सकाळ किती वाजता सुरू होते, ते ऐकून चकित झालात, तर उद्या आपला डबा आपणच भरा.