बोट घेण्याआधी, बोट घेतल्यावर

उन्हाळा जवळ आला की डॅलसच्या आसपासच्या ओळखीच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मासेमारीसाठी बोट घ्यावी का, आणि घेतली तर कशी? फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून आमचं काय काय झालं ते क्रमाने लिहिते. आम्ही जातो ते रे रॉबर्ट्स आणि लुइसव्हिल हे तलाव, दोन्ही धरणांचे. मासा लार्जमाउथ बास.

सुरुवात आम्ही काठावरून केली, आणि मी सगळ्यांना तेच सुचवते. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. पार्कात शिरायचे पैसे भरले की झालं. बाहेर मात्र सतरा वर्षांपासून पुढे परवाना हवाच. रे रॉबर्ट्सच्या काठावर असं पार्क आहे. आमचा मुलगा तेव्हा लहान होता. त्याला यात रस वाटेल का, हेही आधी बघायचं होतं.

मी मालवणची. बाबा खाडीवर गरवायला जात तेव्हा गळाला कोळंबी असे. मासा वासावर येई आणि आपण वाट बघायची. इथे बहुतेक सगळे खोटं आमिष वापरतात. त्याला वास असला तरी नावापुरता. मासा फसतो तो हालचालीला. बास हा दबा धरून बसणारा मासा आहे. बुडालेलं झाड, धक्क्याची सावली, गवताची कड अशा जागी तो थांबतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. म्हणून तलावाच्या मधोमध लांब फेकण्यात अर्थ नसतो. काठाजवळचा एखादा ओंडका नीट धुंडाळला तर जास्त मिळतं. हे कळल्यावर आमच्या हाताला मासे लागायला लागले.

सामान आम्ही थोडंच घेतलं. 7 फुटी मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, 2500 आकाराचं रीळ आणि 8 पौंडी फ्लोरोकार्बनची दोरी. ही दोरी पाण्यात फारशी दिसत नाही आणि बुडते. दुकानात बेटकास्टिंगचं रीळ पुढे करतात, कारण जड आमिष त्याने नेमकं टाकता येतं. पण सुरुवातीला ते नको. आमिष हवेत मंदावतं, रीळ तितक्याच वेगाने फिरत राहतं आणि दोरीचा असा गुंता होतो की सकाळ तो सोडवण्यात जाते. पुढे घेतलंत तर ब्रेक घट्ट ठेवून सुरुवात करा आणि आमिष पाण्याला टेकायच्या आत अंगठ्याने रीळ थांबवा.

आमिषांच्या भिंती बघून डोळे फिरतात. आमचं वर्ष पाच प्रकारांवर निघतं.

पहिलं म्हणजे 5 इंची रबरी गांडूळ, मध्यावर गळ टोचलेलं. याला वॅकी म्हणतात. ते बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. फेकायचं आणि सैल दोरीवर बुडू द्यायचं, ओढायचं नाही. बहुतेक मासे ते बुडतानाच घेतात. हाताला झटका जाणवेलच असं नाही. डोळा दोरीवर ठेवायचा. ती किंचित उडाली किंवा आडवी सरकू लागली की सैल भाग गुंडाळून काठी उचलायची.

दुसरं तेच गांडूळ, पण टेक्सास पद्धतीने. पुढे गोळीच्या आकाराचं पाव औंसाचं वजन, मागे 3/0 चा गळ, आणि गळाचं टोक परत गांडुळाच्या अंगात लपवलेलं. टोक उघडं नसल्यामुळे ते फांद्यांत अडकत नाही. रे रॉबर्ट्सच्या पाण्याखाली झाडं उभी आहेत. तिथे हेच चालतं.

तिसरं स्पिनरबेट. वारा सुटलेला किंवा पाणी गढूळ असेल तेव्हा त्याची पाती चमकतात आणि पाण्यात कंपनं होतात. चौथं बिनओठाचं खुळखुळणारं क्रँकबेट, लाल रंगाचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे छोटे जीव, बासचं खाणं असतात. त्यांच्यासारखा तो रंग. पाचवं पॉपर. उन्हाळ्यात उजाडताना पाणी शांत असतं तेव्हा पृष्ठभागावर डबडब करत ओढायचं. ऊन वर आलं की ते डब्यात ठेवायचं.

रंगाचा नियम आम्ही साधा ठेवला. पाणी स्वच्छ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल तर काळा-निळा. एवढ्यावर भागतं. पाण्याचा थर्मामीटर मात्र जवळ ठेवा. पाणी 60 अंश फॅरनहाइटच्या वर स्थिरावू लागलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. आमच्याकडे ते साधारण मार्च-एप्रिलमध्ये होतं. काठावरून गळ टाकणाऱ्याला वर्षातले सर्वांत चांगले दिवस तेच.

मोठे मासे सुटतात ते बहुधा गाठीपाशी. पॅलोमार गाठ शिकून घ्या. ती सोपी आणि भक्कम आहे. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच दुबळी होते. आमिष फांदीत अडकून सुटलं की शेवटच्या दोन-तीन फुटांवरून बोटं फिरवायची. खरखरीत लागलं तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ. गळाचं टोक नखावरून हलकं ओढून बघायचं. रुतलं तर चांगलं, घसरलं तर पाजळायचं किंवा बदलायचं. रबरी आमिषं ज्या पाकिटात आली त्यातच ठेवावीत. कडक प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका खणात ठेवली तर विरघळून चिकटतात. डबा बंद करण्याआधी ओले गळ वाळू द्या, नाहीतर गंज सगळ्यांना लागतो.

काठावरचं वर्ष चांगलं गेल्यावर आम्ही बोट शोधायला लागलो. नवीची किंमत झेपणारी नव्हती. शेवटी 17 फुटी ॲल्युमिनियमची जुनी बोट मिळाली. मागे 60 अश्वशक्तीचं इंजिन, पुढे विजेची छोटी ट्रोलिंग मोटर, खाली ट्रेलर. कागदपत्रांत एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी लागते. टेक्सासमध्ये बोटीचं टायटल वेगळं, इंजिनाचं वेगळं. ही दोन्ही राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडे असतात. ट्रेलरचे कागद काउंटीच्या कार्यालयात. तिन्हींवरचे क्रमांक प्रत्यक्ष वस्तूंवरच्या क्रमांकांशी जुळवून मगच पैसे द्या. विकणाऱ्याने इंजिन चालू करून दाखवलं. ट्रेलर नुकताच तपासलाय असंही सांगितलं.

एका शनिवारी पहाटे तलावाकडे निघालो. महामार्गावर जळका वास यायला लागला. नवऱ्याने आरशात बघितलं तर ट्रेलरच्या उजव्या चाकातून धूर येत होता. गाडी कडेला घेतली. शेजारून ट्रक सुसाट जात होते आणि मुलगा मागच्या सीटवर गप्प बसून होता. मी त्याला घेऊन कठड्याच्या पलीकडे उभी राहिले. माझे हात कापत होते.

थोड्या वेळाने बोट ओढत चाललेले एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांनी हबचं झाकण काढून आतलं ग्रीस दाखवलं. ते दुधाळ पांढरं झालं होतं. ग्रीसमध्ये पाणी शिरलं की तसं होतं. आता एक फूटही पुढे नेऊ नका, चाक निखळेल, असं त्यांनी बजावलं. बोट ट्रकवर घालून परत आणावी लागली. गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सील बदलली. धुरा वाचला होता.

कारण त्या गृहस्थांनी तिथेच समजावलं होतं. तासभर धावून हब तापतो. रॅम्पवर बोट सोडताना तोच हब थंड पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. हे प्रत्येक फेरीला होतं. म्हणून बोटीच्या ट्रेलरची बेअरिंगं इतर ट्रेलरपेक्षा लवकर जातात. आम्ही आता वर्षातून एकदा ती उघडून, धुऊन, नवं मरीन ग्रीस भरतो. लांब जाताना वाटेत एकदा थांबून हबवर हात ठेवून बघतो. कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर पुढे जायचं नाही. बेअरिंगचा एक जास्तीचा संच, ग्रीस गन, ट्रेलरचं जादा चाक आणि त्या चाकाला बसणारा जॅक गाडीत कायम असतो.

पुढचा त्रास पाण्यातला. तलावाच्या मध्यावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. आदल्या मालकाचं जुनं पेट्रोल टाकीच्या तळाशी होतं. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी वेगळं होऊन खाली बसतं आणि उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर बारीक छिद्रं बुजवतो. त्या दिवशी ट्रोलिंग मोटरच्या जोरावर सावकाश काठ गाठला. नवरा म्हणाला, ‘विकून टाकू ही.’ मलाही त्या वेळी तसंच वाटलं होतं.

टाकी रिकामी करून धुतली आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. बोट जास्त दिवस उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवतो, म्हणजे औषध नळ्यांपर्यंत पोचतं. त्यानंतर इंजिनाने पुन्हा दगा दिलेला नाही.

इंजिनाच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी बघायच्या. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती क्षीण झाली तर इंजिन लगेच बंद करायचं. छिद्रात कचरा असेल किंवा पंपातला रबरी इम्पेलर झिजला असेल. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलावा. खालच्या गिअरचं तेल वर्षातून एकदा बदला. ते दुधाळ निघालं तर सील गेलंय. हे सील बऱ्याचदा मासेमारीच्या दोरीनेच जातं. तुटलेली दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून अधूनमधून पंखा काढून आतला दांडा बघावा.

बॅटरी घरी आल्या आल्या, त्याच रात्री चार्जला लावा. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवली की तिच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि ती लवकर मरते. टेक्सासच्या उन्हात आतलं पाणीही उडतं. झाकणं उघडणारी असतील तर डिस्टिल्ड पाणी घालत राहा, साधं नाही.

रॅम्पवर आमचा क्रम ठरलेला आहे. तळाचं बूच लावलं का, पट्टे सोडले का, लाइफ जॅकेटं घातली का. तेरा वर्षांखालच्या मुलाला अशा छोट्या बोटीत जॅकेट अंगावर हवंच, तसा कायदाच आहे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवणं 1 एप्रिल 2021 पासून देशभर सक्तीचं आहे. माणूस पाण्यात फेकला गेला तर इंजिन आपोआप थांबतं आणि बोट त्याच्या अंगावर येत नाही.

बाहेर पडताना बूच काढून सगळं पाणी तिथेच ओतायचं, मासे ठेवायच्या टाकीतलंसुद्धा. झीब्रा मसल नावाचे नखाएवढे पट्टेदार शिंपले टेक्सासमध्ये 2009 साली टेक्सोमा तलावात सापडले. तिथून ते पसरत गेले, आमच्या तलावांतही आले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि उरलेल्या पाण्यातून पुढच्या तलावात जातात. ते पाण्याचे पाइप बुजवतात, इंजिनाचे मार्गही. घरी आल्यावर बोट उन्हात पूर्ण वाळू द्यायची.

माशाबद्दलही सांगते. राज्याचा सर्वसाधारण नियम असा की 14 इंचांखालचा लार्जमाउथ बास सोडायचा आणि दिवसाला पाचपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. काही तलावांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला मासा ठेवता येत नाही. आम्ही बहुतेक सगळे सोडतो. हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. मोठा मासा नुसत्या जबड्याने लोंबकळवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी इतकं तापतं की त्यात प्राणवायू कमी राहतो. तेव्हा टाकीत न ठेवता लगेच सोडलेलं बरं.

बोट घ्यावी का, याचं माझं उत्तर हो आहे. ती विकली नाही याचा आज मला आनंद आहे. पण आधी एक वर्ष काठावर घालवा. जुनी घेतलीत तर किमतीतला काही भाग पहिल्याच महिन्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि बेअरिंगं, इम्पेलर, गिअर तेल, पेट्रोल हे सगळं पाण्यात उतरण्याआधी बदलून घ्या. आणि सौदा करताना विकणाऱ्याला हबचं झाकण उघडून ग्रीस दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरी बोट बघा.