पहाटे चारचं सॅम्पल

प्रिय सुमे,

तुझा मेसेज मिळाला. "नाइट करून करून कॅन्सर होतो, यादीतच घातलंय म्हणे, असं इथल्या पोरी म्हणतात, खरं का गं?" असं विचारलंस. याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी ते 'यादीत घातलंय' प्रकरण. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. तिनं 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलं आणि 2019 मध्ये पुन्हा सगळं तपासून तेच कायम ठेवलं. लाल मांसही त्याच गटात आहे. पुरावा किती पक्का, एवढंच हा गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही. तेव्हा आधी छातीतली धडधड कमी कर.

अभ्यास मात्र आपल्यासारख्यांवरच झालेत. अमेरिकेतल्या नर्सेसचा 2001 चा अभ्यास बघ. महिन्याला किमान तीन नाइट अशी फिरती ड्यूटी ज्यांनी 30 वर्षं केली, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी जास्त निघाला. उलट 2016 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दहा अभ्यास एकत्र करून 14 लाख बायकांची माहिती तपासली, तर काहीच फरक दिसला नाही. त्यावर आक्षेप आला, की यातल्या पुष्कळ जणी वयस्क होत्या, नाइट सुटून त्यांना वर्षं झाली होती. मला हा आक्षेप पटतो. कारण अमेरिकेतल्याच नर्सेसच्या पुढच्या अभ्यासात तरुणपणी नाइट सुरू करून 20 वर्षं काढलेल्यांत धोका ठळक दिसला, आणि निवृत्तीला बरीच वर्षं झालेल्यांत दिसेनासा झाला.

असं का होत असावं? मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. उजेड बघून तो वेळ लावतो, आणि यकृतापासून कातडीपर्यंत बाकीच्या पेशींची घड्याळं त्याच्याशी जुळवून घेतात. कधी विभागायचं, बिघडलेला डीएनए कधी दुरुस्त करायचा, यालाही वेळा ठरलेल्या असतात. अझीझ संजार यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या कातडीवर अतिनील किरण सोडले. काहींवर पहाटे चारला, काहींवर दुपारी चारला. किरण तेवढेच, पण पहाटेच्या उंदरांना कितीतरी जास्त गाठी आल्या, कारण त्या वेळी त्यांच्या कातडीतलं दुरुस्तीचं काम मंदावलेलं असतं.

आता खास तुझ्यासाठी. झुरिकच्या निकोला आचेतो यांच्या गटातली माणसं रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजत होती. सॅम्पल कुठल्या वेळी काढलं, त्यावर आकडा बदलतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग स्तनाचा कॅन्सर असलेल्या 30 जणींचं रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला घेतलं. सापडलेल्या पेशींपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त पहाटेच्या नळ्यांत होत्या. 2022 मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. पहाटे पेशंट झोपेत असतात, म्हणून झोप वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. संप्रेरकं दिवसरात्र वरखाली होतात आणि गाठही त्यांच्या तालावर चालते, असं ते लोक म्हणतात. पण सुमे, पहाटे चारला झोपेतल्या पेशंटचा हात हळूच बाहेर काढून, टूर्निके बांधून, नळीवर नाव आणि वेळ लिहिणारी कोण असते? आपणच ना! ती 'वेळ' आपण घाईत खरडत आलो. तिच्यात एवढं काही असेल असं कुणी शिकवलंच नाही.

डेन्मार्कनं 2009 च्या सुमारास, वर्षानुवर्षं नाइट करून स्तनाचा कॅन्सर झालेल्या जवळपास 40 बायकांना नुकसानभरपाई दिली. त्यात नर्सेस होत्या. मला हे फार मोलाचं वाटतं. 'नीट झोपत जा' असा उपदेश बाईला करण्याऐवजी तिथं कामाची जबाबदारी मानली गेली. रात्री वॉर्ड बंद ठेवता येत नाही हे आपल्याला कोण सांगणार! पण नाइट वाटून देता येतात, आणि पन्नाशीजवळच्या सिस्टरला त्यातून सूट देता येते.

तिकडं तुझ्याकडे आयर्लंडमध्ये पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचं सरकारी बोलावणं येतं. आलं की जा, 'ऑफ असेल तेव्हा बघू' करू नकोस. आणि पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लागली की फोटो पाठव. पुन्हा सलग नाइट लावल्या असतील, तर मेट्रनशी काय बोलायचं ते फोनवर ठरवू.

तुझी,
शालन