नानकटाईतली कटाई

मीरा रोड

ती. अण्णामामांस,
सा. न. वि. वि.

नानखटाईतली 'खटाई' आंबटपणाचीच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, त्यावर आपला वाद नाही. दुसरा तुकडा मात्र मी 'ख़ताई' असा वाचते, म्हणजे खता देशाचा. खता हे उत्तर चीनचं फारसी नाव. तिथे ९०७ ते ११२५ या काळात खितान लोकांचं राज्य होतं आणि पुढे त्यांचीच एक शाखा मध्य आशियात, फारसी मुलखाला लागून, राज्य करत होती. रशियन लोक चीनला आजही 'किताय' म्हणतात. इराणी नक्षीकामातल्या फुलांच्या वेलबुट्टीलाही 'ख़ताई'च म्हणतात.

माझा खरा भर उर्दू लेखनावर आहे. आमच्या नया नगरात उर्दू वाचणाऱ्या कुणालाही विचारा. आंबट खटाई लिहिताना आपल्यासारखेच ख आणि ट येतात. नानख़ताईत घशातला ख़ येतो आणि पुढे 'तोय' हे अक्षर, म्हणजे त. दोन्ही व्यंजनं वेगळी. हे लेखन पंडितांनी मागाहून सुधारून घेतलं असेल, असं तुम्ही म्हणाल. पण माणसं अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाकडे ओढतात. हाताशी असलेली खटाई सोडून ख़ताईकडे कोण कशाला जाईल? आपण मराठीत तर सर्रास 'नानकटाई' म्हणतो, तिथे आंबटाचा मागमूसही उरत नाही. पीठ ताडीनं फुगवत म्हणून खटाई, हेही टिकत नाही. गोव्याचा पावसुद्धा ताडीवरच फुगायचा, त्याला कुणी खटाई म्हटलं नाही. आणि तूप, पिठीसाखर, वेलची, जायफळ यांच्या खुसखुशीत वडीत आंबट ते काय? सहा जिन्नस म्हणून 'खताई', ही कथा तर सोडूनच द्या. फारसीत सहाला 'शश' म्हणतात.

राहिली सुरत. डचांची भट्टी पारशी डोटीवालांकडे आली आणि तिथे नानकटाई घडली, असं सांगतात. मग चीन कुठून आला, हा तुमचा आक्षेप रास्त आहे. पण दालचिनी पाहा. 'दार' म्हणजे लाकूड, 'चिनी' म्हणजे चीनचं. तरी केरळात आणि श्रीलंकेत वाढलेल्या झाडाची सालही आपण दालचिनीच म्हणतो. नाव आधीच फिरत असतं, नवा जिन्नस ते उचलतो. म्हणून भट्टी सुरतेची आणि नाव फारसी, हे दोन्ही मी एकत्र मानते. नावावरून पाककृतीही चीनहून आली, एवढं मात्र मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा या शब्दात नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सुलभा