पुलापर्यंतची वाट

नातवाची सहा वर्षांची पावलं आणि माझे साठी ओलांडलेले गुडघे, दोन्हींना झेपेल अशी वाट हवी होती. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा सगळे मिळून तीन दिवस योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात राहून आलो.

दरीत गाडी शिरली आणि नातू ओरडलाच, "अज्जी, एष्टु दोड्ड बंडे!" आमची सूनबाई धारवाडची. त्यामुळे कौतुक कन्नडमधून आणि हट्ट मराठीतून, अशी त्याची वाटणी आहे. मला हंपीचे दगड आठवले. तेही ग्रॅनाइटचेच. पण इथे डोंगरच्या डोंगर घुमटासारखे गोल. हा खडक जमिनीखाली खोलवर तयार झाला. वरचं ओझं झिजून गेलं, तसा दाब कमी झाला आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागले. कोपरे आधी गळून पडले, उरला तो घुमट. त्यातला 'हाफ डोम' दरीच्या तळापासून सुमारे ४,८०० फूट उंच!

पहिल्या दिवशी योसेमिटी धबधबा पाहिला. तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट उंची. खालच्या टप्प्यापाशी जाऊन येणारी वाट जेमतेम एक मैलाची, सोपी. हा धबधबा बर्फाच्या पाण्यावर चालतो. ऑगस्टपर्यंत तो बहुधा आटतो, म्हणून मे-जूनमध्येच जावं.

दुसऱ्या दिवशी व्हर्नल धबधबा. ३१७ फूट, म्हणजे आपल्या गोकाकच्या धबधब्याच्या दुपटीपेक्षा थोडा कमीच. तो समोर दिसतो त्या पुलापर्यंत पाऊण मैलाहून थोडी जास्त वाट. डांबरी आहे, पण चढ चारशे फुटांचा. आम्ही थांबत, चिवडा खात पोचलो. पुढे माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या, सहाशेच्या वर, तुषारांनी सतत ओल्या.

ह्यांचे पाय पुढे निघालेच. "इतक्या लांब आलो, आता वर गेल्याशिवाय परतायचं?"

सूनबाईने नातवाच्या भिजलेल्या बुटांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मामा, साकु."

हे रुसले. मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग मुलाने सांगितलं, जुलै २०११ मध्ये याच धबधब्याच्या माथ्यावर तिघं कठडा ओलांडून पाण्यात उतरले आणि वाहून गेले. पाणी वरून संथ दिसतं, खालचा खडक मात्र गुळगुळीत असतो. ऐकून हे काही बोलले नाहीत. नातवाचं बोट धरलं आणि उताराला लागले.

तिसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला 'सेंटिनल डोम'ला नेलं. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग जाऊन-येऊन सव्वादोन मैल. शेवटचा चढ उघड्या खडकावरचा, पण दमादमाने जमतो. आठ हजार फुटांहून उंच अशा त्या घुमटावर हे नातवाबरोबर उभे राहिले. समोर हाफ डोम, दूरवर बर्फाची शिखरं. कालचा रुसवा कुठल्या कुठे गेला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चांगली पकड असलेले बूट आणि भरपूर पाणी घ्या. खाण्याचे डबे गाडीत ठेवून झोपू नका, अस्वलं काचा फोडतात. तिथल्या लोखंडी पेट्यांतच ठेवा.

आणि मुलं बरोबर असतील, तर कुठून परतायचं ते निघण्याआधीच ठरवा. आपल्याकडे पावसाळ्यात फोटोसाठी कठड्यापलीकडे जाणारे आपण दरवर्षी पाहतो. नातू पुढच्या पावसाळ्यात बेळगावला येणार आहे. गोकाकला न्यायचं ठरलंय. फोनवर त्याने आत्तापासूनच आजोबांना बजावलंय, "कठड्यापर्यंतच हं, आजोबा. मग साकु."