शेवटच्या मुक्कामावरचा निरोप

प्रवासात जुळलेल्या माणसांचा निरोप घेणे ही शिकून घ्यावी लागणारी गोष्ट आहे, हे पायी चालणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर उमगते. कारण वाहनातला सहवास तासांचा असतो आणि पायवाटेवरचा सहवास दिवसांचा, आठवड्यांचा, क्वचित महिन्यांचा असतो. पाठीला पडशी किंवा सॅक लावून निघालेली, एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली माणसे एका वाटेवर, एका पावसात आणि एका पंगतीत राहिली की त्यांच्यात जे नाते तयार होते, ते सोयरिकीचे नसते, व्यवहाराचे नसते आणि शेजाराचेही नसते. त्यामुळे ते जपावे कसे आणि वेळ आली की त्यातून मोकळे व्हावे कसे, याचे वळण घरात लागत नाही. महाराष्ट्रात हे वळण लावणारी सर्वांत जुनी आणि मोठी शाळा म्हणजे पंढरीची वारी होय, आणि वऱ्हाडातल्या वारकऱ्यांसाठी त्या शाळेचा अखेरचा धडा बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावी असतो.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पालखी दरवर्षी आषाढी एकादशीसाठी पायी पंढरपूरला जाते. पताकाधारी, टाळकरी, मृदंगवादक आणि विणेकरी, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन भजनाचा सूर धरणारा वारकरी, अशा सुमारे सातशे जणांचा हा शिस्तबद्ध मेळा अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर आणि सोलापूर या वाटेने साधारण महिनाभर चालतो. आळंदी आणि देहूच्या पालख्यांबरोबर गेलेले बहुतेक वारकरी एकादशीनंतर एसटीने किंवा रेल्वेने घर गाठतात आणि परतवारी, म्हणजे पालखीसोबत पायी परतण्याचा नेम, त्यांच्यापैकी थोडेच पाळतात. शेगावची पालखी मात्र आपल्या वारकऱ्यांसह पायीच परतते, आणि तीही निराळ्या वाटेने. करकंब, कुर्डुवाडी, बार्शी, भूम, बीड, गेवराई, अंबड, जालना, सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर मागे टाकत ती साधारण तीन आठवड्यांनी, श्रावणाच्या आरंभी, खामगावला पोहोचते. जाणे आणि येणे मिळून हा सहवास जवळजवळ दोन महिन्यांचा आणि हजार किलोमीटरांहून अधिक वाटेचा होतो.

वारीचा विधिवत शेवट त्याआधीच, आषाढी पौर्णिमेला, पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात झालेला असतो. तेथे गोपाळकाला होतो. काला म्हणजे दही, पोहे, लाह्या असे जे असेल ते एकत्र कालवून एकमेकांना भरवण्याचा प्रसाद, आणि तो वाटला गेला की पालख्यांनी परतीची वाट धरायची असते. हा निरोप सामुदायिक असतो, त्यात दिंडी दिंडीला भेटते. परंतु माणसाने माणसाचा घ्यायचा निरोप त्यात उरकत नाही, तो परतीच्या वाटेवर हळूहळू पिकतो. जाताना डोळ्यांपुढे पंढरपूर असते, त्यामुळे चालीला ओढ असते आणि बोलण्यात विठ्ठल असतो. परतताना दर्शन होऊन गेलेले असते, बोलण्यात पेरणी, निंदणी, लेकीचे सासर आणि दवाखान्याची कामे येऊ लागतात, आणि शेजारी चालणारा माणूस केवळ वारकरी न राहता त्याच्या संसारासकट दिसू लागतो.

या परतीचे मोल किती, हे दूरच्या एका उदाहरणावरून लक्षात येते. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थाला पायी जाणाऱ्यांना पूर्वीच्या काळी घरीही पायीच परतावे लागे. आज बहुतेक यात्रेकरू तीर्थ गाठले की विमानाने किंवा आगगाडीने परततात, आणि महिनाभराची सोबत एका दिवसात विस्कटते. तेथून पुढे अटलांटिक महासागराच्या काठी असलेल्या फिनिस्तेरे या टोकापर्यंत आणखी सुमारे नव्वद किलोमीटर चालत जाणारेही अनेक असतात. त्यामागची कारणे निरनिराळी असतील. तथापि पाय पोहोचले तरी मन पोहोचायला आणखी काही मुक्काम लागतात, हे त्यांपैकी एक खचितच असले पाहिजे. परतवारी ही सवड मुळातच देते.

खामगावहून शेगाव सुमारे सतरा किलोमीटरवर आहे. कापसाच्या बाजारपेठेसाठी आणि चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले खामगाव पालखीचे मनापासून स्वागत करते आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसे शेगावपर्यंत सोबत चालू लागतात. चालणारे, दर्शनाला थांबलेले, चहा-फराळ वाटणारे आणि लेकरांना खांद्यावर घेतलेले लोक यांनी सगळा रस्ता भरून जातो; दोन महिने ज्याच्या टाळाशी टाळ मिळवला तो सोबती दहा पावलांवर असूनही दिसेनासा होतो, आणि शेगावात तर नातलग वाट पाहत असतात, दर्शन असते, गाडीची वेळ असते. म्हणून जाणता वारकरी निरोप शेगावसाठी राखून ठेवत नाही. तो खामगावच्या मुक्कामी, हरिपाठ आटोपल्यावर, अंथरुणे पसरण्याआधी घेतो.

या निरोपाची एक रीत आहे, आणि तिचा क्रमही सहसा चुकत नाही. आधी उसनवारी फिटते : मेणकापड, सुई-दोरा, तेलाची बाटली, मोडीसाठी घेतलेले पैसे ज्याचे त्याला जातात. टाळ ही काशाच्या दोन वाट्यांची जोडी असून त्यांच्या मधल्या छिद्रांतून दोरी ओवलेली असते. पावसात भिजून आणि हाताच्या घामाने ही दोरी नेमकी गाठीपाशी कुजते, आणि सोबत्याची अशी झिजलेली दोरी काढून तेथे नवी ओवून देणे, गाठ दोनदा ओढून पाहणे आणि टाळ एकदा वाजवून त्याच्या हाती ठेवणे, यात जे सांगितले जाते ते भाषणात सांगता येत नाही. त्यानंतर येते माफी. दोन महिन्यांत झोपण्याच्या जागेवरून, टँकरवरच्या पाळीवरून, घोरण्यावरून शब्दाला शब्द लागलेलाच असतो. तो प्रसंग नाव घेऊन काढायचा आणि तेथेच मिटवायचा. मग आभार, तेही मोघम नव्हेत : अमुक दिवशी पाय सुजला असता पडशी उचलून घेतली, तमुक रात्री ताप आला असता उशाशी जागे राहिले, असे एकेक काम आठवून सांगायचे. सरतेशेवटी वयाचा आणि मानाचा विचार न करता दोघांनी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवायचे, उराउरी भेटायचे आणि ‘माउली, रामकृष्ण हरी’ म्हणून बाजूला व्हायचे. ऐंशीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो, तेव्हा मोठेपणाचा कोणताही हिशेब मागे उरत नाही.

पुढच्या वर्षी भेटण्याचा शब्द या रीतीत असतो, पण निरोपाचा सगळा भार त्यावर टाकलेला नसतो. 2020 आणि 2021 या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. 2019 साली दिलेले शब्द तसेच राहिले, आणि पुन्हा वाट सुरू झाली तेव्हा काही जागा रिकाम्या होत्या. ज्यांनी त्या वर्षी माफी आणि आभार दोन्ही उरकले होते, त्यांचे दुःख कमी झाले नाही. मात्र त्या दुःखाला पश्चात्तापाची जोड मिळाली नाही.

वाटेवरच्या या सख्याला मर्यादाही आहेत. इरावती कर्वे यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले आहे की एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठा जेवायला मात्र वेगवेगळे बसत. व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने तीर्थयात्रेत अनुभवाला येणाऱ्या बरोबरीच्या समूहभावाचा विचार करताना कर्वे यांच्या या लेखनाचा आधार घेतला. बरोबरीचा हा भाव वाटेपुरता टिकतो की गावात शिरतो, हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी निरोपात दडलेले असते. घाईत तुटलेली सोबत आठवणीत जमा होते, तर नीट घेतलेल्या निरोपानंतर माणूस सोबत्याच्या दारी जातो, त्याच्या घरी जेवतो आणि त्याच्या लेकीच्या लग्नात वाढायला उभा राहतो.

हे कसब वारकऱ्यांपुरते राहण्याचे कारण नाही. नर्मदा परिक्रमेला निघालेल्यांनी, सह्याद्रीच्या डोंगररांगांत आठवडा-आठवडा भटकणाऱ्यांनी, हिमालयातल्या वाटांवर अनोळखी सोबत्यांबरोबर तंबू वाटून घेणाऱ्यांनी ते जरूर उचलावे. रेल्वे स्थानकावर सॅक पाठीला लावून, एक डोळा घड्याळावर ठेवून निरोप घेऊ नये. तो एक मुक्काम आधी घ्यावा : उसने परत करून, बोललेले मिटवून, केलेल्याचे नाव घेऊन आणि वाकून.