कळसूबाईची ओटी

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं, असं वर्गात विचारलं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, “कळसूबाई!” उंची किती? “१६४६ मीटर!” शाबास. पण ही कळसूबाई होती तरी कोण, असं विचारलं की वर्ग एकदम चिडीचूप!

मला ते आईकडून कळलं. आई अकोले तालुक्यातली. लग्न होऊन नाशिकला आली आणि वीस वर्षं तिने लोकांकडे धुणी-भांडी केली. त्यातूनच माझी शाळा झाली, डी.एड. झालं. पण नवरात्रात एक दिवस ती सुट्टी घ्यायचीच. पगार कापा म्हणायची. पहाटेची एस.टी. धरून कळसूबाईला जायची. मागच्या नवरात्रात मात्र तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. तिने ओटीची पिशवी माझ्या हातात ठेवली. “वर तू जा. मी खालच्या देवळात बसते.” माझा नऊ वर्षांचा मुलगा उड्या मारायला लागला. मी नाही! मला उंचीची भीती वाटते. (शिक्षकांनाही भीती वाटते बरं का.)

घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत बारी नावाचं गाव लागतं. तिथून चढायचं. गाडीत नातवाने विचारलं, तेव्हा आईने गोष्ट सांगितली. फार पूर्वी कळसू नावाची एक कोळी मुलगी होती. रानात भटकायची तिला भारी हौस. पायथ्याच्या गावात ती एका घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. पण एक दिवस कुणीतरी तेच काम सांगितलं. कळसूने ते केलं. सगळं नीट केलं. आणि मग जी डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

“कामाला ती नाही म्हणालीच नव्हती,” आई म्हणाली. “कबूल केलेलं त्यांनी मोडलं, म्हणून गेली.”

आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या हातांकडे बघत होते.

बारीतून थोडं वर गेलं की एक देऊळ आहे. ज्यांना शिखर झेपत नाही ते इथेच ओटी भरतात. आईने नमस्कार केला, पण ओटी दिली नाही. “आणि हे बघ, नैवेद्य पानाच्या द्रोणात दे. भांडं ठेवू नकोस तिच्यापुढे.” ही काही तिथली रीत नाही हं, आईची एकटीची आहे.

पावसाळा नुकताच सरला होता. खाली भातखाचरं, वर सोनकीची पिवळी फुलं. सह्याद्री कसा झाला ते तुम्ही शिकला असाल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. म्हणून इथे थोडी सपाटी, मग एकदम उभा कडा, पुन्हा सपाटी. त्या कड्यांनाच लोखंडी शिड्या लावल्या आहेत. किती आहेत ते सांगणार नाही, तुम्हीच मोजा!

पहिल्या शिडीला काही वाटलं नाही. पुढच्या एका शिडीवर मात्र मधोमध मी खाली पाहिलं, आणि संपलंच. पाय लटपटायला लागले. कठडा घट्ट धरून मी डोळे मिटले. खाली माणसं खोळंबली. वरून मुलगा हाका मारतोय, “आई, ये ना!” आवाज रडवेला झालेला. माझ्या मागे नऊवारीतल्या एक आजी होत्या. पायात काही नाही, डोक्यावर टोपली. त्या म्हणाल्या, “बाई, खाली नको बघू. पायरीकडं बघ. पायरी कुठं जात न्हाई.”

मग मी पहिलीच्या वर्गासारखे मोठ्याने आकडे म्हणत चढले. हसा, खुशाल हसा!

वरचं देऊळ अगदी लहान, चार माणसं उभी राहतील एवढंच. वारा असा की पदर हातात धरून ठेवावा लागला. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, पलीकडे रतनगड, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग. मुलगा सगळी नावं विचारत सुटला. मी ओटी भरली, द्रोणात नैवेद्य दिला. आईने वीस वर्षं इथे येऊन काय मागितलं असेल, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

उतरायला दुपार टळली. आई देवळाच्या पायरीवर वाट बघत बसली होती.

“द्रोणातच दिलास ना?”

“हो आजी,” मुलगाच म्हणाला. “आणि रिकामा द्रोण आम्ही परत आणलाय. नाहीतर तिला केर काढावा लागला असता.”

आईने त्याच्या हातातून पिशवी घेतली, आत बघितलं आणि पदराने डोळे पुसले.

“चला,” ती म्हणाली, “घोटीची गाडी चुकेल.”